सतरांचं चौघांत

अनंत चतुर्दशीला सहा दिवस उरलेत.
परदेशीपुऱ्यातल्या खोलीत गादी गुंडाळून
मी फरशीवर मांडलेत सतरा पार्ट,
गिरणीच्या हजेरीपटांच्या पाठकोऱ्या बाजूला
निळ्या शाईनं उतरवलेले.
उलटवले तर टोकन नंबर, रात्रपाळी, कापलेला अर्धा दिवस.
सुलटवले तर देस.

गत मुळात कुणाची, ठाऊक नाही.
बँडसाठी ती विठोजी बुळ्यांनी लिहिली,
दिवसभर ताणाखात्यात धागे मोजून
संध्याकाळी तेच मोजणं कागदावर:
कोण किती वेळ गप्प, कोण केव्हा आत.
झांकीमागून चालता चालता वाजवायची, म्हणून
श्वासाच्या जागा पावलांवर.
डावं पाऊल टाकताना कुणी दम घ्यायचा नाही,
असं पहिल्याच ओळीवर बजावलंय.

आता आम्ही चौघं.
सुभानभाईंची क्लॅरिनेट, वरचे तीन दात गेलेले.
कॉर्नेट मी.
साइड ड्रम रामसिया.
आणि हातगाडीवर, जनरेटरला खेटून, भाच्याचा कीबोर्ड.
"मामा, तुम्ही नुसती ट्यून द्या, बाकीचं यात असतंच."

असतं खरं.
ट्रॉम्बोन नावाचं बटण आहे.
दाबलं. मध्यमावरून रिषभावर उतरायला सांगितलं.
उतरलं, जिन्याच्या पायऱ्या मोजत.
बारगळ तिथं हात लांबवायचे
आणि पुढच्या रांगेतला माणूस मान खाली घालायचा,
पितळ लागेल म्हणून.
ती मींड मी सुभानभाईंना दिली.
दात नसलेल्या ओठांना घसरणं सोपं, ते स्वतःच म्हणाले.

बासरी काढली. रस्त्यात ती विठोजींनाही ऐकू येत नसणार.
दोन हॉर्न मिळून कीबोर्डचा डावा हात.
युफोनियम त्यांचा स्वतःचा, तिथं पेन्सिल जरा थांबली.
मग तोही कापला.

राहिली तिसरी क्लॅरिनेट.
फणसे वाजवायचे. सबंध गतीत त्यांना काम एकच:
सगळे षड्जावरून पंचमावर उडी मारतात
तेव्हा मधला कोमल निषाद धरून
आठ मात्रा उभं राहायचं.
काढून पाहिला. गत चालते.
मीठ विसरलेल्या पंगतीत कुणी काही बोलत नाही, तशी चालते.

कागद दिव्याखाली धरला. समासात बारीक अक्षर:
"दहाचा भोंगा झाल्यास फणसे यांनी वाजवू नये."

दोनदा वाचलं.
म्हणजे ती जागा फणशांची नव्हतीच.
इतकी वर्षं ते तिथं बदलीवर होते.

रामसियाला बोलावलं.
हात गुंतलेले आणि तोंड मोकळं
असा आमच्यात तोच एक.
"गाना अपने बस का नी है, भिया."
गायचं नाही, म्हटलं. भोंगा आठवतो?
त्यानं काठ्या मांडीवर ठेवल्या,
डोळे न मिटता, समोरच्या कॅलेंडरकडे बघत
पोटातून काढला.
कॉर्नेटवर तपासला. केसभर चढा.
पण तोही तसाच असायचा.

पलीकडच्या खिडकीतून कुणी बाईनं विचारलं,
"दहा झाले का?"

विजेच्या बिलामागं त्याचा पार्ट लिहिला.
त्याला नोटेशन येत नाही, म्हणून एकच शब्द: इथे.

सुभानभाई सकाळी म्हणाले होते, दातांमुळं
अख्खी गत अर्धा सूर खाली घेऊ.
मी हो म्हटलं होतं.
आता त्यांना सांगायला हवं.